कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदेशीर दायित्व

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदेशीर दायित्व हा संगणकीय प्रणालीच्या कृतीमुळे किंवा तिने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे झालेल्या हानीची भरपाई कोणी करावी, याविषयीचा विधिशास्त्रीय प्रश्न होय. भारतीय कायद्यात अशा प्रणालीला व्यक्तित्व नाही. त्यामुळे दायित्व निर्माता, विक्रेता, सेवा पुरवणारी संस्था किंवा वापरकर्ता यांपैकी कोणावर तरी निश्चित करावे लागते.

== भारतीय कायदे ==
या विषयासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सदोष उत्पादन व सेवा यांबद्दलच्या दायित्वाचे प्रकरण आहे. मात्र त्यातील उत्पादनाची व्याख्या वायू, द्रव वा घन अवस्थेतील वस्तूंना धरून केलेली असल्याने सॉफ्टवेअर तीत बसते का, हा वादाचा मुद्दा ठरतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७९ मध्यस्थांना त्रयस्थांच्या मजकुराबाबत संरक्षण देते. परंतु प्रणालीने स्वतः रचलेले उत्तर त्रयस्थाचे मानणे कठीण आहे.

== महाराष्ट्रातील प्रकरणे ==
जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने केएमजी वायर्स प्रकरणातील प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला. त्यात अस्तित्वात नसलेल्या न्यायनिर्णयांचा आधार घेण्यात आला होता. प्रणालीने दिलेली माहिती पडताळून पाहण्याची जबाबदारी अधिकाऱ्याचीच, हे त्यातून स्पष्ट झाले. अमेरिकेत २०२३ मध्ये अशाच बनावट संदर्भांबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला होता.

== पुराव्याचा प्रश्न ==
ग्राहकाला आपल्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे पूर्णा येथील रहिवासी परभणीच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. खरी अडचण दोष सिद्ध करण्याची आहे. वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेण्याची सोय कायद्यात आहे. एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे देणाऱ्या प्रणालीची तपासणी तशी होऊ शकत नाही. शिवाय तिच्या रचनेची माहिती कंपनीच्याच हाती असते. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात सॉफ्टवेअरला स्पष्टपणे उत्पादन मानले असून, तांत्रिक गुंतागुंतीमुळे पुरावा देणे अतिशय अवघड असल्यास न्यायालयाला काही अटींवर दोष गृहीत धरता येतो. भारतीय ग्राहक कायद्यात असे गृहीतक नाही. परिणामी पुराव्याचा भार प्रामुख्याने तक्रारदारावरच राहतो.