कपाटातले पत्रक

जून महिना आला की शाळांच्या कचेऱ्यांपुढे पालकांच्या रांगा लागतात आणि प्रवेशाच्या कागदांबरोबर मुलाचे आरोग्यपत्रकही भरून घेतले जाते. रक्तगट कोणता, लसी टोचल्या काय, दमा, अपस्मार, मधुमेह यांपैकी काही आहे काय, हे सारे त्यात विचारलेले असते. पालक ते भरतात, कारकून शिक्का मारतो आणि पत्रक कपाटात जाते. ज्या शिक्षिकेच्या वर्गात ते मूल दररोज पाच-सहा तास बसते, तिला त्यातील एक अक्षरही बहुधा ठाऊक नसते. आमचा आक्षेप पत्रकावर नाही, कपाटावर आहे.

मधुमेहाचेच उदाहरण घ्या. बालपणी जडणारा मधुमेह गोड खाण्याने होत नाही. शरीरच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते आणि मग इन्सुलिन बाहेरून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले, तो रुग्ण १४ वर्षांचा मुलगाच होता. त्यापूर्वी अशी मुले फार दिवस जगत नसत. आज ती जगतात, शिकतात, मैदानावर धावतात. मात्र दिवसातून अनेकदा सुई टोचून, बोटाचे रक्त तपासून आणि वेळच्या वेळी खाऊन. त्यांतील एखादी वेळ शाळेच्या तासांतच येणार. कवायत अंमळ लांबली, डबा खायला उशीर झाला, की रक्तातील साखर उतरते. घाम सुटतो, हात कापतात, मूल असंबद्ध बोलू लागते किंवा बाकावर डोके टेकते. शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून दिली तर पाव तासात ते बहुधा सावरते. दुर्लक्ष झाले तर आकडी येऊन बेशुद्ध पडते. जाणती शिक्षिका साखर देते. जिला कोणी काही सांगितलेलेच नाही ती झोपाळू म्हणून त्याला बाकावर उभे करते. दोष तिचा कसा म्हणावा?

दुसरीकडे काही शाळांचा नियम असा की, मुलांनी दप्तरात औषध आणू नये. त्यामागची भीती आम्ही समजू शकतो. दुसऱ्या मुलाने गोळी गिळली, सुई कोणाला लागली, तर जाब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. परंतु दम्याचा झटका दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात यावा आणि इनहेलर तळमजल्यावर कुलपात असावा, कुलपाची किल्ली असलेला कारकून बँकेत गेलेला असावा, ही कोणती सुरक्षितता? राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ च्या मार्चमध्ये राज्यांना पत्र पाठवून मधुमेही मुलांना शाळेत साखर तपासण्याची, इन्सुलिन टोचण्याची आणि मधल्या वेळी खाण्याची मुभा द्यावी, असे सुचविले. केंद्रीय परीक्षा मंडळाने तर २०१७ मध्येच अशा परीक्षार्थींना फळे आणि खाऊ परीक्षागृहात नेऊ दिला. परीक्षेत जे चालते ते रोजच्या तासाला का चालू नये, हे कोणी तरी आम्हांस समजावून द्यावे.

पालकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. कित्येक घरी आजाराच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिले जाते. मुलगी असेल तर पुढे लग्न जमेल की नाही या धास्तीने अपस्मार दडविला जातो. मग वर्गात झटका आला की कोणी कांदा हुंगवितो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी दातांत चमचा घालतो. वास्तविक मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर दवाखाना गाठावा, एवढेच करावयाचे असते. पालकांनी दडविले तर शिक्षक ते शिकणार कधी?

सरकारी तपासणी होतच नाही असे आम्ही म्हणत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात, पालघर येथेच झाला आणि त्याची फिरती पथके सरकारी व अनुदानित शाळांत जातात. त्यांनी हृदयाचे, दृष्टीचे दोष असलेली पुष्कळ मुले हुडकली. पण पथक वर्षातून एकदा येते. इन्सुलिन रोज घ्यावे लागते.

जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचे हिशेब यांनी पिचलेल्या शिक्षकांवर आणखी एक नोंदवही लादावी, अशी आमची सूचना नाही. उलट पाने कमी करावीत. ज्या मुलाला खरोखरच आजार आहे त्याच्यापुरता, त्याच्या डॉक्टरने सही केलेला, मराठीत लिहिलेला एकच कागद असावा: लक्षण कोणते, औषध कोणते व किती, फोन कोणाला करावयाचा. तो वर्गशिक्षिकेच्या हाती असावा आणि मुलाची अब्रू राखून वापरावा. भिंतीवर टांगू नये. दप्तरातील इनहेलर व इन्सुलिन यांना शाळेची लेखी परवानगी असावी. सांगितल्याप्रमाणे औषध देणाऱ्या शिक्षिकेच्या पाठीशी खाते उभे राहील, हेही परिपत्रकात स्पष्ट लिहावे, कारण त्यावाचून कोणीही हात पुढे करणार नाही. हे परिपत्रक शिक्षण खात्याने उन्हाळ्याची सुट्टी संपण्यापूर्वी काढावे. दरम्यान प्रत्येक वर्गाच्या टेबलाच्या खणात ग्लुकोजची एक पुडी ठेवावयास मुख्याध्यापकांना कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.