‘ढ’ कुणाला म्हणायचं?

मुलांनो,

या वेळच्या टपालात ढाणकीहून एक पत्र आलं. ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्यातलं, उमरखेड तालुक्यातलं गाव. पत्र लिहिणारी मुलगी सातवीत आहे. ‘नाव छापू नका’ असं तिनं दोनदा लिहिलंय, म्हणून छापत नाही.

तिचा धाकटा भाऊ चौथीत शिकतो. बाबांबरोबर कापूस विकायला गेला की क्विंटलचा हिशोब तोंडी करतो. सायकलची चेन उतरली तर कुणाला न विचारता बसवतो. गोष्ट एकदा ऐकली की पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. पण पुस्तक उघडलं की ‘घर’चं ‘धर’ होतं, ओळ सुटते आणि तळहाताला घाम येतो. वर्गातली मुलं त्याला ‘ढाणकीचा ढ’ म्हणतात. महिनाभर झाला, शाळेची वेळ झाली की त्याचं पोट दुखायला लागतं.

ती विचारते, “काका, चीनमधल्या मुलांना म्हणे हजारो अक्षरं पाठ करावी लागतात. मग तिकडे सगळा वर्गच ढ असेल का? आणि माझा भाऊ खरंच ढ आहे का?”

प्रश्न दोन आहेत. आधी पहिला घेऊ या, कारण दुसऱ्याचं उत्तर त्यातच दडलंय.

आपल्या मराठीत अक्षर म्हणजे आवाज. ‘क’ला काना दिला की ‘का’. चिनी लिपीत तसं नाही. तिथलं एक चिन्ह म्हणजे साधारण एक अर्थ आणि त्याचा एक उच्चार. झाडाचं चिन्ह काढायचं तर एक आडवी रेघ, एक उभी रेघ आणि दोन बाजूंना दोन तिरक्या रेघा. झालं झाड! अशी दोन झाडं शेजारी काढली की वनराई, आणि तीन काढली की घनदाट अरण्य. आहे की नाही गंमत?

पण सगळीच चिन्हं अशी चित्रासारखी नसतात. बहुतेक चिन्हं दोन तुकडे जोडून बनतात. एक तुकडा अर्थाची खूण सांगतो, दुसरा आवाजाची. ‘आई’चं चिन्ह बघा. डावीकडे ‘बाई’, उजवीकडे ‘घोडा’. आता आईचा आणि घोड्याचा काय संबंध? काहीच नाही! चिनी भाषेत घोड्याला म्हणतात ‘मा’ आणि आईलाही ‘मा’. फक्त आवाजाचा चढउतार वेगळा. म्हणजे घोडा तिथं नुसता उच्चार सांगायला उभा आहे. बरं, ही आवाजाची खूण दर वेळी खरीच निघेल असंही नाही.

मग चिनी मुलं शिकतात कशी? चीनमध्ये पहिलीतली मुलं सुरुवातीलाच ‘पिनयिन’ शिकतात. रोमन अक्षरांत चिनी उच्चार लिहायची ही पद्धत तिथं १९५८ साली मान्य झाली. पिनयिनच्या आधारानं नव्या चिन्हाचा उच्चार कळतो. मग चौकटीच्या वहीत तेच चिन्ह पुन्हा पुन्हा गिरवायचं. कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर, हेही ठरलेलं! प्राथमिक शाळेची सहा वर्षं संपेपर्यंत सुमारे ३,००० चिन्हं ओळखता यावीत आणि त्यातली २,५०० लिहिता यावीत, अशी अपेक्षा असते.

आता ऐका. अमेरिकेत १९७१ साली काही संशोधकांनी एक प्रयोग केला. इंग्रजी वाचताना अडणाऱ्या दुसरीच्या मुलांना त्यांनी ३० चिनी चिन्हं शिकवली. प्रत्येक चिन्हाला एक इंग्रजी शब्द ठरवून दिला. थोड्याच तासांत ती मुलं त्या चिन्हांची वाक्यं वाचू लागली! साहजिकच अनेकांना वाटलं, चित्रासारखी लिपी असली की वाचनाची अडचण उरतच नाही.

पण ३० चिन्हं वेगळी आणि ३,००० वेगळी. १९८२ साली जपान, तैवान आणि अमेरिका इथल्या मुलांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. हुशार असूनही वाचनात खूप मागे पडणारी मुलं तिन्हीकडे निघाली. पुढे २००४ साली चिनी मुलांच्या मेंदूच्या कामाची यंत्रावर चित्रं घेतली गेली. इंग्रजी वाचताना अडणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या कानामागच्या, जरा वरच्या भागाचं काम कमी दिसतं. या चिनी मुलांमध्ये मात्र डाव्या कपाळामागचा भाग कमी काम करताना दिसला. लिपीची मागणी वेगळी, म्हणून अडणारी जागाही वेगळी.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की चीनमध्ये सगळा वर्ग अडत नाही. थोडी मुलं अडतात, जशी आपल्याकडे अडतात. आणि ती ढ नसतात.

या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. हे नाव रुडॉल्फ बर्लिन या जर्मन डॉक्टरांनी १८८७ साली दिलं. मग १८९६ साली इंग्लंडमधल्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. पर्सी चुणचुणीत होता, गणितं सोडवायचा; पण स्वतःचं नाव लिहिताना त्यातली अक्षरं उलटीपालटी करायचा. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर शाळेत हाच पहिला आला असता. ढाणकीच्या आपल्या दोस्ताची आठवण झाली ना?

असं का होतं? अहो, बोलणं माणूस लाखभर वर्षं तरी करत आला आहे. लिहिणं-वाचणं मात्र जेमतेम पाच हजार वर्षांचं. बोलायला बाळ आपोआप शिकतं. वाचायला मात्र मेंदूला नव्यानं वाट पाडावी लागते. काहींची वाट लवकर पडते, काहींना जास्त खणावं लागतं. आईवडिलांपैकी कुणाला हा त्रास असेल तर मुलालाही असण्याचा संभव जास्त. यात आळसाचा काही संबंध नाही.

आपली मराठीही वाटते तेवढी सोपी नाही बरं! ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ येतो, पण वेलांटी लिहायची आधी. ‘र’ तर बहुरूपी: ‘प्रकाश’मध्ये पायाशी, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘ट्रक’मध्ये आणखी तिसराच! ‘चार’ आणि ‘चारा’ मोठ्यानं म्हणून पाहा. ‘च’ एकच, आवाज दोन. घ-ध, भ-म, थ-य हे तर जुळे भाऊच. मात्र मराठीत बहुतेक शब्द लिहिल्याप्रमाणेच वाचता येतात. त्यामुळे डिस्लेक्सिया असलेला मुलगा पुष्कळदा बरोबर वाचतो, पण फार सावकाश. म्हणून मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. त्यांना वाटतं, टंगळमंगळ करतोय.

आता पालकांसाठी चार शब्द. सावकाश वाचणारं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचंच असतं असं नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. घरी गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरच्या मुलाला पुस्तकातली मराठी नवी असते. त्याला वेळ हवा, शिक्का नको. पण तोंडी तल्लख असलेलं मूल भरपूर सराव करूनही वर्षानुवर्षं तिथंच अडत असेल, तर मुख्याध्यापकांशी बोला. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. मराठीतून तपासणी करता यावी म्हणून मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ नावाची चाचणी तयार केली; ती २०१५ साली आली. दहावी-बारावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती द्यायला महाराष्ट्रानं १९९६ सालीच सुरुवात केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या नावानं तिची नोंद आहे. म्हणजे जादा वेळ मागणं ही लाचारी नाही, तो हक्क आहे. छडीनं मात्र आजवर कुणाचं वाचन सुधारलेलं नाही.

आणि ताईनं काय करायचं? हे घे चार उपाय. रोज पंधराच मिनिटं द्यायची, जास्त नको.

एक : एकच परिच्छेद आधी तू वाच, मग दोघं मिळून, मग त्याला एकट्याला वाचू दे. ओळीखाली पट्टी धरा, म्हणजे ओळ सुटणार नाही.

दोन : अंगणातल्या मातीत बोटानं मोठ्ठा ‘घ’ काढायचा आणि काढता काढता ‘घ’ म्हणायचं. तो पक्का झाल्याशिवाय ‘ध’ आणायचाच नाही.

तीन : शब्द टाळ्यांनी तोडायचा. का-पू-स, तीन टाळ्या. जोडाक्षरं आधी कानानं ओळखायची, मग डोळ्यांनी.

चार : गोष्टीची पुस्तकं तू त्याला वाचून दाखव. वाचता येत नाही म्हणून गोष्टी ऐकायच्या थांबल्या, तर नुकसान दुप्पट.

आणि शेजारच्या बाकावरच्या मुलांनो, तुमच्यासाठी एकच काम आहे. कुणी वाचताना अडला तर पुढचा शब्द ओरडून सांगू नका आणि हसू तर मुळीच नका. मनात दहा आकडे मोजा. बहुतेक वेळा तेवढ्यात तो शब्द त्याला सापडतो.

जाता जाता त्या ‘ढ’ची गोष्ट. हे अक्षर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लिपीत जसं होतं, जवळजवळ तसंच आजही आहे. बाकीची अक्षरं बदलली, हे बदललंच नाही. म्हणून न सुधारणाऱ्याला ‘ढ’ म्हणू लागले, असं सांगतात. आता तुम्हीच सांगा, जो मुलगा रोज अडतो आणि तरी दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडतो, त्याला ‘ढ’ म्हणायचं, की त्याच्या हातात पुस्तक दिसलं की हसायची सवय ज्यांना बदलता येत नाही त्यांना?

ढाणकीच्या ताई, तुझ्या भावाला हे वाचून दाखव. पंधरा दिवसांनी तो किती वाचतो हे कळवू नकोस. पोट दुखायचं थांबलं का, ते कळव.

तुमचा,
काका