साचा आणि डोळे

आमचा रोह्याचा भाचा सॉफ्टवेअर लिहीत नाही, काढतो. "मामा, हाताने कोड लिहिणं म्हणजे मागासलेपण! तक्ते सांगायचे, फॉर्म सांगायचे, बटण दाबायचं. मोबाइल, संगणक, ब्राउझर, तिन्हीकडे चालणारा प्रोग्राम तयार!"

हा प्रयोग त्याने पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यावर केला. (साचा म्हणजे काय ते पेणकरांना रोहेकराने शिकवायचे! असो.) मध्यस्थ मी, म्हणून बोलणीही मलाच. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. नोंदणी झकास झाली. पुढल्या वर्षी प्रोग्रामने जुनी गिऱ्हाइके आपणहून पुढे ओढली, तारीख तीच ठेवून. २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. म्हणजे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गणपती घरी! आणि ही चूक तिन्हीकडे अगदी सारखी. दिलेला शब्द यंत्राने पाळला होता.

भाच्याने तयार कोडात हात घालून तारखा दुरुस्त केल्या. मग घरच्या पाटाच्या नोंदीसाठी एक रकाना वाढवला आणि पुन्हा बटण दाबले. नवा कोड आला, दुरुस्ती साफ पुसली गेली. दुरुस्ती साच्यात करावी, नाहीतर हाताचे काम वेगळ्या फायलीत ठेवावे, हे त्याला तेव्हा कळले. कारखानदार नुसते "हं" म्हणाले. त्या "हं"पेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

बरे, ही फुशारकी तरी नवी आहे का? १९८१ साली इंग्लंडात 'द लास्ट वन' नावाचा प्रोग्राम विकायला आला. प्रश्नांची उत्तरे द्या, तो प्रोग्राम लिहून देणार. यानंतर दुसरा लिहायलाच नको! त्यानंतर किती लिहिले गेले, ते मोजायलाही एक प्रोग्राम लागेल. त्याच १९८१ साली पुण्यात टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र निघाले. तिथल्या मंडळींनी व्यवहाराच्या आराखड्यावरून कोड काढणारी 'मास्टरक्राफ्ट' ही साधने घडवली. पण त्यात आधी आराखडा करावा लागतो, आणि आराखड्यासाठी धंदा समजून घ्यावा लागतो. नेमके तेवढेच आमच्या भाच्याला नको असते!

माझे भांडण साच्याशी नाही. नोंद घाला, बदला, शोधा, पुसा, हे प्रत्येक तक्त्यासाठी हाताने लिहिणे निव्वळ हमाली. पेणातही अंग साच्यातूनच निघते. पण डोळ्यांची आखणी करायला जाणता कारागीर बसतो. त्याला रजा द्या म्हणणारा पेणात चहा तरी पिऊ शकेल काय? घरात सुतक आले तर विसार परत द्यायचा की पुढल्या वर्षी धरायचा, हे कुठले बटण विचारणार? ते कारखान्यात बसून, हाताला रंग लावून घेऊनच विचारावे लागते.

भाचा म्हणतो, पुढल्या आवृत्तीत तिथी येणार. कारखानदारांनी मात्र पाटामागे खडूने नावे घालायला पुन्हा सुरुवात केली आहे.