व्यसनमुक्तीनंतरचे पथ्य
दीर्घकाळचे अमली पदार्थ सोडून घरी परतलेला तरुण पुष्कळदा उदास व अबोल असतो. आप्तेष्ट त्यास कृतघ्न ठरवितात. हा न्याय नव्हे. सततच्या सेवनाने मेंदूतील डोपामिनचे कार्य मंदावते. मग सण, संगीत, मायेचा शब्द, काहीच मनास भिडत नाही. परंतु ही झीज भरून येऊ शकते. मेथॅम्फेटामिन सोडलेल्या काही व्यक्तींच्या मेंदूत डोपामिन वाहून नेणारी प्रथिने १२ ते १७ महिन्यांनी वाढल्याचे २००१ साली अमेरिकेतील नोरा व्होल्को व सहकाऱ्यांना आढळले. स्मरणशक्ती मात्र तितकी सुधारली नव्हती.

विद्यार्थिमित्रहो, मोडलेल्या हाडास आपण मुदत देतो, मग मनास का देऊ नये? औषधोपचार वैद्यांनी करावेत. धीर हे पथ्य मात्र घरच्यांनीच पाळावयाचे असते.