शोकेसमधला कप

ऑनसाइटहून येताना आजीसाठी जपानी पोर्सिलेनचा कप आणला, आरिताचा. तिथे १६१६ साली एका कोरियन कुंभाराला ही पांढरी माती सापडली असं मानतात. निळी नक्षी, वर झिलई, मग सुमारे १३०० अंशांची भट्टी. उजेडात धरला की आरपार बोटांची सावली दिसते!

गेल्या शनिवारी पळसदेवला गेलो, तर कप शोकेसमध्ये. "येवढा म्हागाचा, फुटला म्हंजी?" चहा आपला स्टीलच्या पेल्यात.

स्वयंपाकघरात मात्र चिनी मातीची जुनी बरणी. जुनं गाव उजनीच्या पाण्यात जाणार म्हटल्यावर आजीने ती गोधडीत गुंडाळून आणलेली. काठाचा टवका उडालाय, पण लोणचं दरवर्षी तिच्यातच.

माझ्या मते खरा मान बरणीला मिळालाय. कपाची कड पातळ असते ती ओठाला लागावी म्हणून, काचेआड बसायला नव्हे. आपण भेट 'शोभेची' शोधतो आणि वर किंमतही सांगतो. मीच सांगितली होती ना!

शेवटी कप काढला, धुतला, त्यातच आजीला चहा दिला.

"हलका हाय की रं!"

फुटला तर फुटला. तुमच्या शोकेसमध्ये काय काय अडकलंय?