निवडीचा अधिकार कोणाचा?

पत्त्यांचा डाव म्हटला कीं आमच्या सुशिक्षित घरांतून अजूनहि नाक मुरडलें जातें. तोच डाव संगणकाच्या पडद्यावर आला म्हणजे तर 'हा जुगारच' असा निकाल चहाचा पेला खालीं ठेवण्यापूर्वींच लागतो. या निकालाचा अर्धा भाग आम्हांस मान्य आहे. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानें रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ १९९३ सालीं अमेरिकेंत निघाला. त्याचीं पानें, कोणावर मंत्र तर कोणावर श्वापद, बंद पाकिटांतून विकलीं जातात. आंत काय निघेल तें दैवाधीन, आणि दुर्मिळ पान मुद्दाम थोडें छापलेलें! हा व्यापार द्यूताचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ खचितच आहे.

परंतु याच खेळाच्या रसिकांनीं त्यावर जो उतारा काढला, त्याची आमच्या टीकाकारांस वार्ताहि नाहीं. त्याचें नांव 'क्यूब'. एखादा मनुष्य हजारों पानांतून आपल्या अभिरुचीनें बहुधा ३६० पानें वेंचतो. प्रत्येक पान एकदांच. आठ जण बसतात. प्रत्येकास पंधरा पानांचे तीन गठ्ठे. गठ्ठ्यांतून एक पान घ्यावें, उरलेला शेजाऱ्याकडे सरकवावा, आणि पंचेचाळीस जमलीं कीं त्यांतून डाव रचावा. येथें दुर्मिळतेस किंमत नाहीं, श्रीमंतास अग्रमान नाहीं. परशुरामपंत तात्या गोडबोले यांस १८५४ सालीं 'नवनीत' सिद्ध करितांना जो विवेक लागला, काय घ्यावें आणि विशेषतः काय गाळावें, तोच येथें लागतो. एक पान अतिप्रबळ ठेवलें कीं सातांचा डाव नासला! हें ज्यास कळतें त्यास संपादक म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आमचा रोष आहे तो निराळ्याच ठिकाणीं. २०१९ सालीं हा खेळ 'अरीना' या नांवानें संगणकावर रीतसर आला. तेथें कागद नाहीं, छपाई नाहीं. ३६० पानांची यादी आठ मित्रांत वांटण्यास यंत्रास कष्ट ते काय? तरी तेथें क्यूब मांडावा तो कंपनीनें, तिच्या सवडीनें, प्रवेशशुल्क घेऊन. आणि वेंचलेलीं पानें शेवटीं तिचींच. कागदावर जो अधिकार कोणाहि हौशी माणसास होता, तो यंत्रानें काढून घेतला, आणि यास प्रगति म्हणावयाचें! खर्चाची सबब पुढें करूं नये. 'ड्राफ्टमॅन्सर' या बाहेरच्या साधनावर आपली यादी चढवून मित्रांसह पानें फुकट वेंचतां येतात. मात्र तो डाव अरीनांत खेळावयाचा, तर त्यांतलें पानन् पान आधीं आपल्या संग्रहीं असावें लागतें. आणि संग्रहाचा रस्ता बव्हंशीं पुन्हां त्या बंद पाकिटावरूनच जातो.