पडलेला दात आणि पहिला अर्धा तास

वसतिगृह ही आपल्या चळवळीची जुनी वाट आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. शाळेत नाव घातले तरी राहायला छप्पर नसेल तर शिक्षण मध्येच तुटते, हे त्या पिढीने ओळखले होते. परंतु छप्पर आणि दोन वेळचे जेवण दिले की आपले कर्तव्य संपले, असे आम्हाला वाटत नाही. पालक आपले मूल आमच्या स्वाधीन करतात, तेव्हा रात्रीअपरात्री त्याच्या वेदनेची जबाबदारीही आमच्याकडे येते. या जबाबदारीत आम्ही एकदा कमी पडलो. त्याची कबुली या स्मरणिकेत देणे आम्हाला उचित वाटते.

काही वर्षांपूर्वी संध्याकाळी कबड्डी खेळताना सातवीतल्या एका मुलाचा वरचा पुढचा दात मुळासकट निघाला. मित्रांनी तो घरच्या रीतीप्रमाणे कौलावर फेकून दिला. आम्ही जखम धुतली, रक्त थांबले म्हणून समाधान मानले आणि दुसऱ्या दिवशी त्याला तालुक्याच्या गावी नेले. दंतवैद्यांचा पहिलाच प्रश्न होता, "दात कुठे आहे?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. इतिहास शिकवणाऱ्या आम्हाला सनावळ्या मुखोद्गत होत्या. हे साधे ज्ञान मात्र नव्हते. तो मुलगा पुढे कित्येक महिने तोंडावर हात धरूनच हसत असे.

कौलावर फेकायचा तो दुधाचा दात. समोरचे कायमचे दात साधारण सहाव्या ते नवव्या वर्षांत येतात. म्हणजे पाचवीपासून पुढच्या मुलाचा समोरचा दात पडला, तर त्या जागी दुसरा येणार नसतो. असा दात त्वरित शोधावा. तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने काही क्षण धुवावा, घासू नये. मूल शुद्धीवर व शांत असेल, तर दात त्याच खोबणीत हलक्या हाताने बसवून स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगावे. ते जमले नाही, तर साखर न घातलेल्या थंड दुधात दात ठेवून तडक दंतवैद्य गाठावा. कोरड्या कागदात किंवा साध्या पाण्यात ठेवल्यास मुळावरच्या पेशी मरतात. अर्ध्या तासाच्या आत दात बसला तर तो जगण्याची आशा सर्वांत अधिक. तासाभरानंतर ती झपाट्याने घटते. दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये, कारण आतल्या कायमच्या दाताला इजा होते. डोक्याला मार लागून मूल बेशुद्ध झाले किंवा उलट्या करू लागले, तर आधी रुग्णालय, मग दात.

दाताचा तुकडा उडाला तर तोही जपून दुधात न्यावा. दात काढल्यानंतर रक्त वाहत राहिले, तर कापडाची स्वच्छ घडी वीस मिनिटे न उघडता दाबून धरावी. पुन्हा पुन्हा चुळा भरू नयेत. दुखऱ्या दातावर तंबाखू, मिश्री किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी ठेवू नये, त्याने हिरडी भाजते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात. मात्र गालावर किंवा जबड्याखाली सूज, सोबत ताप, तोंड उघडेनासे होणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, ही लक्षणे जिवाच्या धोक्याची आहेत. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करून मुलाला रुग्णालयात न्यावे.

"दातच दुखतोय ना, राहील सकाळपर्यंत," हे वाक्य आपल्या घरांत आणि वसतिगृहांत आम्ही असंख्य वेळा ऐकले, उच्चारलेही. पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलेल्या समाजाला सोसणे हाच गुण वाटू लागतो. धम्म असे सांगत नाही. विनयपिटकात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुमती दिली आहे, आणि एका आजारी भिक्खूची त्यांनी स्वतः शुश्रूषा केल्याची कथाही तेथेच आहे. दुःख ओळखावे आणि त्याचे निवारण करावे, ही आपली शिकवण आहे.

म्हणून आमची मागणी छोटी आहे. वरील सूचनांचा एक फलक स्वयंपाकघराच्या दाराशी आणि दुसरा मैदानाजवळ लागावा. गृहपाल, स्वयंपाक करणाऱ्या मावशी आणि आठवीपासूनचे विद्यार्थी यांना दर जूनमध्ये ही माहिती प्रत्यक्ष करून दाखवावी. जवळच्या दंतवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक फलकावर ठळक लिहावा. जे माजी विद्यार्थी आज डॉक्टर आहेत, त्यांनी वर्षातला एक दिवस या मुलांच्या तपासणीसाठी द्यावा. पालकांनीही मूल घरी आले की त्याचे तोंड उघडून पाहावे.

यापुढे या मैदानावर एखाद्या मुलाचा दात पडला, तर जवळच्या मुलाने कौलाकडे न पाहता दुधासाठी स्वयंपाकघराकडे धावावे. एवढे साधले तरी आमची चूक कारणी लागली असे आम्ही समजू.

जयभीम.